त्सोत्सीला मराठीत काय म्हणावं?

पिंपळपान :
आमच्या फिल्म क्लबच्या पत्रकासाठी प्रेस्ली च्वेनेयागाए या दक्षिण आफ्रिकी नटावर टिपण लिहितेय. जन्म १९८४, माफिकेंगचा. २७ मे २०२५ ला गेला, वय अवघं ४०. 'त्सोत्सी' (२००५) हा त्याचा पहिलाच चित्रपट. त्यात तो नायक होता आणि त्या चित्रपटाला मार्च २००६ मध्ये परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. गाडी अडलीय ती नावापाशी. 'त्सोत्सी म्हणजे गुंड' असं लिहून मोकळी झाले होते, पण खटकतंय. गुंड म्हटलं की मला पन्नाशीचा, गळ्यात साखळी घातलेला, नगरसेवकाच्या मागे उभा राहणारा माणूस दिसतो. इथे तर कोवळं पोरगं आहे. मवाली? टपोरी? भुरटा?

कोळीवाडा :
टपोरी. डोळे मिटून.

खडूफळा :
डोळे उघडा, साहेब. टपोरी नाक्यावर उभा राहून शिट्ट्या मारतो. सिनेमात सुरुवातीलाच ही टोळी लोकल गाडीच्या गर्दीत पैशांसाठी एकाला भोसकते. त्याला टपोरी म्हणायचं? आणि भुरटा तर वाळत घातलेले कपडे पळवतो.
जाता जाता, 'टपोरी' हा मराठीत आधी चांगला शब्द होता. टपोरे मोती, टपोरे थेंब, टपोरे डोळे. मुंबईने त्याला नाक्यावर नेऊन उभं केलं.

जोबर्गकर :
इथे जोहान्सबर्गला नऊ वर्षं राहतोय म्हणून थोडं लिहितो. शब्द १९४० च्या दशकात जोहान्सबर्गच्या वस्त्यांत रूढ झाला. एक मत असं की अमेरिकी 'झूट सूट'चा (ढगळ कोट-विजारीचा भपकेबाज पोशाख) उच्चार स्थानिक तोंडात त्सोत्सी झाला. दुसरं मत सोथो भाषेतल्या टोक काढणे या अर्थाच्या क्रियापदाकडे बोट दाखवतं. खाली निमुळत्या होत गेलेल्या विजारी घालणारे, म्हणून ते नाव. काहीही धरा, दोन्हीकडे कपडे आहेतच! म्हणजे शब्दात आधी नखरा आणि मग सुरा. त्यामुळे कोळीवाडा अगदीच चुकलेले नाहीत. टपोरीतही रंगीत शर्ट आणि गळ्यातला रुमाल आहेच की.
आणखी एक साम्य. 'टपोरी भाषा' म्हणतो तशी तिथे त्सोत्सीताल आहे. 'ताल' म्हणजे आफ्रिकान्समध्ये (डचमधून निघालेली इथली बोली) भाषा, तबल्याशी संबंध नाही. सोफियाटाउनसारख्या वस्त्यांत आफ्रिकान्सच्या सांगाड्यावर इतर भाषांतले शब्द चढवून ती घडली. सिनेमातली पात्रंही तीच खिचडी बोलतात.

पिंपळपान :
आभार, दादा. मग 'जोहान्सबर्गजवळच्या टाउनशिपमध्ये वाढलेला मुलगा' हे तरी ठीक ना?

खडूफळा :
अजिबात नाही. आपल्याकडे टाउनशिप म्हणजे जलतरण तलाव, क्लबहाउस आणि गेटवर नाव विचारणारा वॉचमन. पुण्यातला वाचक म्हणेल, बरी परिस्थिती दिसते पोराची.

जोबर्गकर :
खरंय. वर्णभेदी सरकारने काळ्या लोकांना शहराबाहेर जिथे राहायला लावलं त्या या वस्त्या. झोपडपट्टी म्हणू नका, कारण ओळीने बांधलेली पक्की घरंही तिथे आहेत. तिथले लोक 'कासी' म्हणतात. 'लोकेशन'चं आफ्रिकान्समध्ये 'लोकासी' झालं, त्याचं शेपूट उरलं ते कासी. सरकारी कागदावरचा रुक्ष शब्द, पण लोक आता 'आमची कासी' म्हणून मिरवतात. तुम्ही नुसतं 'वस्ती' लिहा आणि एक वाक्य खुलाशाचं टाका.

अनुस्वार :
उच्चाराबद्दल कुणी बोललंच नाही. 'त्सो' आपल्याला नवा नाही, तो 'चोर'मधला च आहे. हिंदी माणूस चोर म्हणतो तो चहातला च, आपला दातांमागचा. घोळ 'त्सी'चा आहे. मराठीत ई आला की हा च लगेच टाळूकडे सरकतो. 'त्याचा' म्हणा आणि 'त्याची' म्हणा, जीभ कुठे गेली ते बघा. म्हणून 'चोची' लिहून भागणार नाही, त्सोत्सीच लिहावं लागेल.
आता मूळ प्रश्न. ताई, तुम्ही भाषांतर करताय कशाचं? सिनेमात हे त्या मुलाचं नाव आहे. खरं नाव डेव्हिड, पण ते त्याने पुरून टाकलंय. सामान्यनामच ज्याचं विशेषनाम होऊन बसलंय, त्याला मराठी पर्याय दिलात तर गंमत जाते. अथोल फ्यूगार्डच्या ज्या कादंबरीवर सिनेमा बेतलाय, तिचंही नाव हेच आहे. नाव तसंच ठेवा, अर्थ एकदाच सांगा : वस्तीतला तरुण लुटारू.

कोळीवाडा :
'तरुण लुटारू' म्हणजे पोलिसांच्या प्रेसनोटसारखं वाटतं. पण असो, माघार.

खडूफळा :
अनुस्वार यांच्याशी सहमत. शिवाय हा माणूस जन्मभर त्सोत्सी राहिला नाही, हे टिपणात यायला हवं. २०१३ च्या 'इनंबर नंबर'मध्ये तो चक्क पोलीस होता. मपुमेलेलो पॉल ग्रूटबूमबरोबर त्याने वस्तीच्या जगण्यावर नाटकही लिहिलं. आणि ज्यांनी ऑस्करवाला सिनेमा पाहिलेलाच नाही, त्यांचा तो २०१८ पासून 'द रिव्हर' मालिकेतला बडबड्या, चमकू कोब्रा मोकोएना. तिथे मात्र बेधडक टपोरी लिहा.

कोळीवाडा :
म्हणजे शब्द वाया गेला नाही!

पिंपळपान :
दुरुस्त्या केल्या. आता अनेकवचन? तीन त्सोत्सी की तीन त्सोत्स्या?

अनुस्वार :
हत्तीसारखं. एक हत्ती, तीन हत्ती. त्सोत्स्या म्हटलं की पापडाचा प्रकार वाटतो.

जोबर्गकर :
सोथोत त्याला 'बो' जोडून भाववाचक करतात, बोत्सोत्सी. आपली गुंडगिरी.
च्वेनेयागाए या आडनावाचंही सांगून ठेवतो. त्स्वाना लोकांच्या सेत्स्वाना भाषेत 'त्श्वेने' म्हणजे बबून माकड आणि 'गाए' म्हणजे घर. शब्द फोडला तर घरचा बबून. हसू नका, त्स्वाना लोकांत कुळाचा प्राणी पूज्य असतो, आपल्या देवकासारखा. त्यांच्यातल्या हुरुत्शे कुळांचं देवक बबूनच आहे. 'गाए'तला ग मात्र घशातून खरवडून काढायचा, खखारल्यासारखा. देवनागरीत तो कसा लिहायचा, यावर अनुस्वार यांनी बोलावं.

अनुस्वार :
नुक्ता देऊन ख़. पण पत्रकाच्या फॉन्टमध्ये नुक्ता उमटतो का ते आधी बघा.