बारावीनंतर फिल्ममेकिंगचं कॉलेज की सरळ सेटवर?

लालबागची_आई:
मुलगी बारावी झाली, आर्ट्समधून. तिला फिल्ममेकिंग आणि व्हिडिओ आर्ट शिकायचंय. प्रायव्हेट कॉलेजची फी ऐकून आमचे हे दोन दिवस बोललेच नाहीत. दीर म्हणतात कॉलेज सोडा, गोरेगावला ओळखीने सिरियलच्या सेटवर चिकटवतो, वर्षभरात सगळं येईल. मला पटत नाहीये पण का ते सांगता येत नाही.

सेटवरचा_दादा:
दीर बरोबर बोलतायत ताई. मी १४ वर्षं असिस्टंट आहे. आधीच्या शॉटमध्ये चहाचा कप कुठल्या हातात होता, पदर कुठल्या खांद्यावर होता, हे वर्गात बसून अंगात येत नाही, ते बारा-बारा तास उभं राहून येतं. फाळकेंच्या वेळी कुठे होतं फिल्मचं कॉलेज?

एडिट_टेबल:
फाळकेंचं उदाहरण तर उलट पडतं. ते १८८५ ला मुंबईच्या जे. जे. आर्ट स्कूलला गेले, मग बडोद्याला कलाभवनात, आणि १९१२ ला लंडनला जाऊन शिकून कॅमेरा घेऊन आले, तेव्हा कुठे १९१३ ला गिरगावात कोरोनेशन थिएटरला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. शिकायला माणूस किती लांब गेला बघा.
माझं सांगतो. दुसऱ्या वर्षाला मी आजीवर छोटी फिल्म केली होती, शेवटी ती खोलीची कडी लावते तो शॉट २२ सेकंद ठेवलेला, मला फार आवडायचा. सरांनी आधी आवाज बंद करून चालवला, मग चित्र बंद करून नुसता आवाज. नुसत्या त्या कडीच्या आवाजाला अख्खा वर्ग गप्प झाला. मी चित्र ६ सेकंदांवर आणलं आणि कडी काळ्या फ्रेमवर ऐकवली. शिफ्ट संपायच्या आत सीन उरकायचे असतात तिथे हे कोण करू देणार?

सेटवरचा_दादा:
हे घरी लॅपटॉपवर पण होतं की. 'कोर्ट'चा डायरेक्टर चैतन्य ताम्हाणे मिठीबाई कॉलेजात इंग्रजी लिटरेचर शिकलेला, फिल्म स्कूल नाही, २०१४ ला व्हेनिसच्या फिल्म फेस्टिव्हलला बक्षीस घेऊन आला. कर्ज काढून फी भरायची, तीन वर्षांनी पोरगी परत माझ्यासारख्याच्या हाताखाली क्लॅप द्यायला येणार, मग हप्ते कोण भरणार? डोळ्यांनी बघितलीयत अशी पोरं, वाईट वाटतं.

एडिट_टेबल:
कर्जाचं मान्य, महागडं कॉलेज नकोच. पण लॅपटॉपसमोर एकटं बसलं की तुमचा शॉट लांबलाय हे सांगायला कोणी नसतं.

रंगपेटी:
व्हिडिओ आर्टबद्दल, म्हणजे चित्रासारखं गॅलरीत दाखवायच्या व्हिडिओबद्दल, कोणी बोलतच नाहीये, मुलीने ते पण म्हटलंय ना. १९६९ ला चित्रकार अकबर पदमसींनी मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप काढलं, चित्रकार, फोटोग्राफर, सिनेमावाले एकत्र, आणि जे. जे. त पेंटिंग शिकणाऱ्या नलिनी मलानींच्या (पुढे व्हिडिओ आर्टमध्ये मोठं नाव) हातात तिथे कॅमेरा आला. सिरियलच्या सेटवर ही संगत मिळणार नाही. ताई, मुंबई विद्यापीठाचा मल्टिमीडिया-मास कम्युनिकेशनचा बीए साध्या कॉलेजांत पण आहे, तो बघा. पुण्याच्या एफटीआयआयचे (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) तीन वर्षांचे कोर्स ग्रॅज्युएशननंतरच असतात, म्हणजे पदवी कुठूनतरी लागणारच.

सेटवरचा_दादा:
साधं कॉलेज असेल तर माझी हरकत कमी. पण कॅमेरे किती मुलांत एक ते विचारा, आणि सुट्टीत तिला सेटवर पाठवाच.

लालबागची_आई:
काल रात्री तिने फोनवर काढलेलं दाखवलं, आमच्या जिन्यात पाणी भरणाऱ्या बायका, चेहरे नाहीत, नुसते हात आणि हंडे. तीनदा बघितलं, ह्यांनी पण. सोमवारी दोन कॉलेजांत जाऊन येतो. कॅमेऱ्याचं विचारते, आणि एडिटिंगची खोली मुलांना किती वाजेपर्यंत उघडी असते ते पण.