मदत हवी आहे : छोट्या वायनरीसाठी हटके कार्यक्रम सुचवा
नमस्कार मंडळी. आमची छोटीशी स्वतंत्र वायनरी आहे, जाहिरातीला पैसा जवळजवळ नाहीच. द्राक्षं तुडवण्याचा कार्यक्रम करून झाला. लोक जांभळ्या पायांचे फोटो काढतात नि बाटली न घेताच जातात! म्हणून काळ्या ग्लासांतून चव ओळखण्याचा खेळ ठेवावा म्हणते. रंग दिसला नाही की लाल की पांढरी हे सांगताना भलेभले गडबडतात.

दुसरी कल्पना, २२५ लिटरचं एक पिंप अनेकांना मिळून ‘दत्तक’ द्यायचं. त्यातून साधारण ३०० बाटल्या निघतात, लेबलांवर त्यांनीच काढलेली चित्रं. पण वाइन पिंपात महिनोन्‌महिने मुरणार, तोवर लोकांचा उत्साह टिकवायचा कसा? कुणी असं काही केलंय का?