आत्ता पीसीचा प्रोसेसर अपग्रेड करू की पुढच्या जनरेशनची वाट बघू?

कीबोर्डबडव्या:
मंडळी, २०२२ पासून माझं हेच चाललंय. एएमडीची रायझन ७००० प्रोसेसर सिरीज आली तेव्हा म्हटलं नवीन प्लॅटफॉर्म आहे, जरा स्थिरावू दे. २०२४ ला ९००० आली तर सगळे म्हणाले गेमिंगमध्ये फार फरक नाही, थांब. आता परत पुढच्या सिरीजच्या बातम्या. इकडे माझा इंटेलचा जुना आय५-६५०० प्रोसेसर, चार कोअर चार थ्रेड, म्हणजे एका वेळी चारच कामं, व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की पीसीला हातच लावता येत नाही, त्यात विंडोज ११ च्या यादीत तो बसत नाही आणि १० चा सपोर्ट तर ऑक्टोबर २०२५ मध्येच संपला. काय करू?

अर्धवटराव_पीसी:
थांबून थांबून तू तीन वर्षं स्लो पीसी वापरलास, हा खर्च कोणी धरतच नाही. माझं उलटं झालेलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इंटेलचा ७७००के घेतला, ऑक्टोबरमध्ये ८७००के आला, चाराचे थेट सहा कोअर! आणि सॉकेट (बोर्डावर चिप बसते ती जागा) तेच एलजीए ११५१ असून माझ्या बोर्डावर चालेना. आठवडाभर चिडचिड केली. पण नंतर तोच पीसी सात वर्षं वापरला आणि त्यातल्या एकाही दिवशी दोन कोअर कमी आहेत म्हणून काम अडलं नाही.

बायोस_बाबा:
चिप कुठली यापेक्षा बोर्ड कुठला ते बघ. एएमडीच्या एएम४ सॉकेटवर २०१७ ला पहिला रायझन घेतलेल्या बऱ्याच लोकांनी २०२२ ला त्याच बोर्डात, नुसता बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून, नवीन रायझन ५८००एक्स३डी बसवला. त्यानंतरच्या एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत तरी सपोर्ट देणार असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे आत्ता सहा-आठ कोअरवाला घे, नवीन सिरीज खरंच भारी निघाली तर फक्त चिप बदल. इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट मात्र आता नको, तिथे पुढे रस्ता नाही.

शंकासुर९:
थोडा विरोध. लाँचची तारीख जाहीर असेल आणि ती महिन्याभरात असेल तर थांबावं, जुन्या चिपचे भाव उतरतात तरी. नुसत्या लीकवर थांबणं म्हणजे येड्यासारखं. आणि थांबलं की सगळंच स्वस्त होतं असंही नाही, २०२५ च्या शेवटी एआय डेटासेंटरवाल्यांमुळे रॅमचे भाव कसे भडकले बघितलं ना? चिपवर वाचवलेले पैसे रॅममध्ये गेले लोकांचे.

कीबोर्डबडव्या:
हम्म रॅमचं डोक्यातच नव्हतं, माझी जुनी डीडीआर४ रॅम एएम५ ला चालणार नाही ना?

बायोस_बाबा:
नाही, एएम५ ला फक्त डीडीआर५. एएम४ चा कूलर असता तर बहुतेक बसला असता, पण तुझा इंटेलचा. बरं एक सांग, एक्स्पोर्टच्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये काय दिसतं?

कीबोर्डबडव्या:
सीपीयू १००, रॅम १६ पैकी १४ जीबी, आणि डिस्कपण १०० वर. विंडोज हार्ड डिस्कवरच आहे अजून.

अर्धवटराव_पीसी:
हार्ड डिस्क??? अरे देवा. ते प्रोसेसरचं राहू दे जरा, आज साटा एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी वेगवान ड्राइव्ह) टाक, नंतर नवीन पीसीतही तीच लावता येईल.