फोटो लहान केला तरी लोकेशन राहू शकतं

कुणीतरी लिहिलंय की रिझोल्यूशन, म्हणजे फोटोतल्या बारीक ठिपक्यांची (पिक्सेलची) संख्या, कमी करून फोटो टाकला की प्रायव्हसीची काळजी नको, तर ते अर्धंच खरं आहे. 4000 बाय 3000 म्हणजे 1 कोटी 20 लाख पिक्सेल, आपण ज्याला 12 मेगापिक्सेल म्हणतो, तो फोटो 800 बाय 600 केला की मागच्या गाडीचा नंबर किंवा टेबलावरचं लाइट बिल वाचणं कठीण होतं, तेवढा फायदा नक्की. पण फाइलमध्ये एक्झिफ नावाची माहिती वेगळी असते, तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली असेल तर अक्षांश-रेखांशसुद्धा, आणि साइज कमी केली तरी ती तशीच राहू शकते.

माझ्या ताईने दादरच्या घरातलं जुनं कपाट विकायला काढलं होतं, फोटो एका अनोळखी माणसाला मेल केला, नंतर मी तोच फोटो उघडून बघितला तर नकाशावरची खूण थेट आमच्या बिल्डिंगवर, अक्षरशः धस्स झालं. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला तर लोकेशन जात नाही, पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी जाते, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. आणि मुलांच्या शाळेच्या युनिफॉर्मवरचा बिल्ला प्लीज क्रॉप करा, तो लहान फोटोतही ओळखू येतो.