डॉग्जमधून कोण घ्यायचं? (मेलबर्नमधला टार्नीट कट्टा, एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा फॅन्टसी ग्रुप: खऱ्या खेळाडूंचा आपला संघ बांधायचा, त्यांच्या खेळावर गुण. मार्च 2025)

केतकी: लॉकआउटला, म्हणजे संघ ठरवायची मुदत संपायला, आठवडा राहिला. वेस्टर्न बुलडॉग्जमधून माझ्याकडे सध्या पाच जण आहेत. जास्त होतात का?

नंदूकाका: एकाच क्लबचे किती घ्यायचे यावर नियमाचं बंधन नाही. पण पाचही जणांचा बाय (सुट्टी) एकाच आठवड्यात येतो हे लक्षात ठेव. बायच्या फेऱ्यांत सर्वोत्तम 18 जणांचे गुण धरतात, म्हणजे 22 मधले चार नसले तर निभावतं. दुसऱ्या क्लबांचेही त्याच फेरीत बसले की मग रडायचं. कोण कोण आहेत?

केतकी: बॉन्टेम्पेली, ट्रेलोर, लिबरेटोर, डेल, इंग्लिश.

प्रसाद: बॉन्ट आणि ट्रेलोर दोघांच्याही पोटऱ्या दुखावल्यात. दोघांना आत्ताच काढ.

केतकी: बॉन्टला बाकावर ठेवला तर? कधीतरी येणारच ना तो.

प्रसाद: अजिबात नको. जो खेळत नाही त्याची किंमत हलत नाही. तो परत येईल तेव्हाही जवळपास याच भावाने मिळेल. मग आज एवढे पैसे बाकावर कुजवायचे कशाला? त्याच्यापेक्षा थोडा स्वस्त, पण रोज खेळणारा मिड (मधल्या फळीतला) घे. बॉन्ट आला की दोन ट्रेडमध्ये (अदलाबदलीत) काम होतं: भाव फुगलेल्या एका रुकीला (स्वस्तातल्या नवख्याला) विकून पैसे काढायचे आणि या मिडच्या जागी बॉन्ट आणायचा.

नंदूकाका: पोटरीचं दुखणं पुन्हा उलटतं, हेही आहेच. परत आल्यावर पहिल्याच सामन्यात घेऊ नकोस. मैदानावर किती टक्के वेळ होता ते बघ, मग पुढच्या आठवड्यात घे.

वैशालीताई: मला विचाराल तर यंदा डॉग्जमध्ये नावं बघूच नका, रिकाम्या झालेल्या जागा बघा. मॅक्रे सेंट किल्डा क्लबला गेला, डॅनियल नॉर्थ मेलबर्नला, बेली स्मिथ जिलाँगला. स्मिथ तर 2024 मध्ये गुडघ्यामुळे एकही सामना खेळला नव्हता, त्यामुळे त्याच्या जाण्याने नवीन जागा फारशी झालेली नाही. मॅक्रे आणि डॅनियलच्या जागा मात्र खऱ्या आहेत.

केतकी: म्हणजे डेलचा फायदा?

वैशालीताई: हो. विरोधी संघाचा बिहाइंड (गोल हुकून मिळालेला एक गुण) गेला की किक-इन, म्हणजे बॉल पुन्हा खेळात आणणारी किक, कोण घेतो ते बघायचं. गोल स्क्वेअरमधून (गोलसमोरच्या चौकोनातून) बाहेर पळत येऊन मारली तर ती किक धरतात, 3 गुण. आतूनच मारली तर शून्य. डॅनियल गेल्यावर यातला मोठा वाटा डेलकडे यायला हवा. शिवाय हाफबॅकला (मागच्या फळीत) मोकळा मार्क, म्हणजे किकचा झेल, घेऊन पुढे किक मारली की 3 आणि 3, सहा गुण. अंगाला माती लागत नाही.

प्रसाद: शंभर करायचे दोन रस्ते बघा. डेलचा: 20 किक, 6 हँडबॉल (मुठीने मारलेला पास), 8 मार्क, 1 टॅकल (समोरच्याला पकडणं). 60+12+24+4. लिबाचा (लिबरेटोरचा): 10 किक, 16 हँडबॉल, 2 मार्क, 8 टॅकल. 30+32+6+32. दोन्हीकडे 100. हे एएफएल फॅन्टसीचं गणित आहे, सुपरकोच या दुसऱ्या फॅन्टसी खेळाचं वेगळं. तिथे किक वाया गेली की मार बसतो आणि झगडून मिळवलेल्या बॉलला भाव आहे. दोन्ही खेळत असाल तर एकच यादी दोन्हीकडे चिकटवू नका.

नंदूकाका: लिबाचा रस्ता महागाचा आहे. आठ टॅकल म्हणजे डोकं आठ वेळा गर्दीत. कन्कशन (मेंदूला हादरा) झालं तर किमान 12 दिवस बाहेर, म्हणजे पुढचा सामना गेलाच. त्याचा कन्कशनचा इतिहासही सगळ्यांना माहीत आहे. मी घेणार नाही.

केतकी: मग मधल्या फळीत कोण? एड रिचर्ड्स?

वैशालीताई: सेंटर बाउन्सला, म्हणजे मैदानाच्या मध्यावर खेळ सुरू होताना, चौकोनात प्रत्येक संघाचे चारच जण असतात. एक रक (बॉलसाठी उडी मारणारा उंच खेळाडू), तीन मिड. म्हणजे खुर्च्या तीन. बॉन्ट आणि ट्रेलोर नसताना लिबा, रिचर्ड्स आणि कार्लटनहून आलेला मॅथ्यू केनेडी हे तिघं बसतील असं दिसतं. पण बॉन्ट परतला की एकाला उठावं लागेल. लिबा उठणार नाही. रिचर्ड्सचे पाय वेगवान आहेत, त्याला ठेवतील. केनेडी पुढे सरकेल. म्हणून केनेडी घ्यायचा तर चार-पाच आठवड्यांचं भाडं समजून घ्या, आणि विकायचा दिवस आधीच ठरवा.

प्रसाद: त्यात कोच बेव्हरिज! या माणसाच्या फळ्यावरची खेळाडूंच्या नावांची मॅग्नेट्स कधी कुठे जातील ते फळ्यालाही माहीत नसतं 😄

केतकी: सराव सामन्यात एकाचे 62 दिसले, मी लगेच वगळला.

प्रसाद: किती वेळ होता ते बघितलंस का? 60 टक्के वेळात 62 म्हणजे पूर्ण सामन्याला शंभराच्या वर. उलट एखाद्याचे 95 असतात, पण मुख्य मिड शेवटच्या क्वार्टरला बसवलेले असतात, तेव्हाचे. सराव सामन्यात एकूण गुण शेवटी बघायचे. आधी पहिल्या हाफमधले सेंटर बाउन्स मोजायचे.

नंदूकाका: इंग्लिश ठेव. हिटआउटला (रकने बॉल टोलवण्याला) एकच गुण आहे, त्यामुळे नुसता उंच रक आपल्या कामाचा नाही. इंग्लिश मैदानभर पळून मार्क घेतो. धोका एकच, सॅम डार्सी रकमध्ये किती वेळ घेतो.

केतकी: स्वस्तातले? सँडर्स?

वैशालीताई: रायली सँडर्स 2023 च्या ड्राफ्टमध्ये (क्लबांनी नवे खेळाडू उचलण्याच्या निवडीत) सहावा, त्यामुळे तो रुकीच्या भावात नाही. अधलामधला भाव म्हणजे सगळ्यात फसवा. फुगायला जागा कमी, पडला तर ट्रेड वाया. नव्या पोरांत किंमत ड्राफ्टच्या क्रमांकावर ठरते, म्हणून उशिरा उचललेला पण वयाने मोठा आणि लगेच खेळू शकणारा असा हवा. सॅम डेव्हिडसन त्या साच्यात बसतो. गुरुवारी संध्याकाळी नाव 22 मध्ये आलं तरच. सब (बदली खेळाडू) म्हणून आलं तर नाही; एका क्वार्टरमध्ये पंधरा-वीस गुणांपलीकडे काय होणार, आणि तेवढ्यावर किंमत वाढत नाही.

भाऊकाका: तो ओ'डॉनेल घ्या की. 87 च्या क्रिकेट वर्ल्डकपवाल्या सायमन ओ'डॉनेलचा मुलगा.

प्रसाद: भाऊकाका, जेम्स चांगला डिफेंडर आहे, पण त्याचं काम समोरच्याचा मार्क हाणून पाडणं. त्या हाणण्याला आपल्याकडे शून्य गुण 🙏

केतकी: मग डेल, इंग्लिश, रिचर्ड्स, आणि नाव आलं तर डेव्हिडसन. चार झाले.

नंदूकाका: ठीक. डॉग्जचा पहिला सामना शनिवारी नॉर्थशी, मार्व्हल स्टेडियमला. कर्णधाराचे गुण दुप्पट धरतात, तो खेळला नाही तर उपकर्णधाराचे. म्हणून गुरुवार-शुक्रवारच्या सामन्यातला कोणीतरी उपकर्णधार कर. त्याने 120 च्या वर मारले तर कर्णधारपद न खेळणाऱ्या एखाद्या रुकीला दे, म्हणजे उपकर्णधाराचे दुप्पट होतात. फक्त तो रुकी मैदानावरच्या यादीत हवा, त्याचा सामना नंतरचा हवा आणि त्याच स्थानाचा इमर्जन्सी (त्याच्याऐवजी गुण धरायचा खेळाडू) बाकावर लावलेला हवा. इमर्जन्सी विसरलीस तर तिथे भोपळा.

केतकी: आणि उपकर्णधाराचे 85 झाले तर?

नंदूकाका: तर शनिवारी बाउन्सच्या (सामना सुरू होण्याच्या) आधी कर्णधार बदल. बाउन्स झाल्यावर ॲप उघडून उपयोग नाही.