खांदा आखडलाय आणि माळ्यावर आजोबांची मुद्गलांची (तालमीत फिरवायच्या गदेसारख्या लाकडी दांड्यांची) जोडी सापडलीये, सुरुवात कशी करू? (ठाणे)

घोडबंदरचा_घामेजलेला

नमस्कार मंडळी. राहायला घोडबंदर रोडला, नोकरी ऐरोलीत, म्हणजे दिवसाचे नऊ तास लॅपटॉपसमोर आणि उरलेले ट्रॅफिकमध्ये. वय ४३. गेल्या दिवाळीपासून उजवा खांदा कुरकुरतोय. फार दुखतो असं नाही, पण आखडल्यासारखा वाटतो, लोकलमध्ये वरचं हँडल धरलं की दोन स्टेशनांत हात बदलावा लागतो, आणि घामाने चिकटलेला बनियन काढताना जी सर्कस होते ती वेगळीच.

तर झालं काय, मे महिन्यात गावी साताऱ्याकडे घर शाकारायला काढलं तेव्हा माळ्यावर आजोबांची लाकडी जोडी निघाली. बाबा म्हणाले आजोबा सत्तरी उलटेपर्यंत रोज फिरवायचे आणि त्यांचा खांदा कधी धरला नाही. मग काय, अंगात आलं, एक उचलून ठाण्याला घेऊन आलो. घरच्या काट्यावर सव्वासहा किलो भरला. दोन व्हिडिओ बघितले आणि हॉलमध्ये सुरू झालो. तिसऱ्या फेऱ्याला मी त्याला फिरवायच्या ऐवजी तोच मला फिरवायला लागला आणि कपाटाच्या दाराला असा पोचा आलाय की बायको येताजाता त्यावरून हात फिरवते आणि माझ्याकडे बघते. बोलत काही नाही.

आता सांगा, हे मला झेपेल का, किती वजनाने सुरू करू, आणि ठाण्यात कोणी शिकवतं का. गुगलवर 'करेला' (मुद्गलाला असंही म्हणतात) टाकलं तर कारल्याच्या भाजीच्या रेसिप्या येतायत.

लोकलचा_दांडा

कारल्याचा रस पण खांद्याला चांगला असेल, कोणी सांगावं 😀

चरईचा_तालीमवाला

अहो दादा, सव्वासहा किलोने सुरुवात? तुमच्या आजोबांनीसुद्धा त्याने सुरुवात केली नसणार, ते त्यांचं शेवटचं वजन आहे. आधी कुठलं तरी हलकं असणार, ते बहुतेक बंबात गेलं.

मी लहानपणापासून तालमीत जातोय (पैलवान वगैरे नाही हो, पोट आहे). आमच्याकडे नवीन पोराला पहिला महिनाभर वस्ताद एक किलोच्या आतबाहेरची जोडी द्यायचे आणि पोरं वैतागायची, की हे काय लहान मुलांचं खेळणं दिलंय. पण मजा अशी आहे की हलकं मुद्गल चूक लपवू देत नाही. जड असलं की माणूस कमरेने ढकलतो, मान वाकडी करतो, कसंतरी पार करतो. हलकं हळू फिरवून बघा, कुठे अडकतं ते लगेच कळतं.

पहिले आठ दिवस फक्त लंबक करा. पाय खांद्याइतके फाकवून उभं राहायचं, हात सैल, मुद्गल खाली लोंबकळतंय, आणि ते समोरून डावीउजवीकडे झुलू द्यायचं. हाताने नाही झुलवायचं, त्याचं त्याला झुलू द्यायचं. मग हळूहळू झोका वाढवत पूर्ण चक्कर. ती जमली की पाठीमागचा फेरा. इथे कोपर कानाजवळ, छताकडे रोखलेलं, आणि मुद्गल पाठीमागे उलटं लोंबतंय असं एक क्षण वाटलं पाहिजे. त्या क्षणाला घाई करू नका, तिथेच खांदा उघडतो, सगळा माल तिथेच आहे.

मूठ गच्च आवळायची नाही. बोंडाला (मुठीच्या टोकाच्या गोळ्याला) करंगळीचा आधार, बाकीची बोटं पाठीमागे जाताना थोडी सैल, वर येताना परत घट्ट. हे लिहून कळत नाही पण हातात आलं की आपोआप होतं. आणि जो खांदा आखडलाय त्याने आधी करायचं, त्याचे जितके होतील तितकेच चांगल्या हाताने. उलटं करू नका, चांगल्या हाताने वीस मारले की दुसऱ्याची इज्जत जाते मग तो ओढाताण करतो.

हळदीकुंकू_नेरूळ

मी बाई आहे, ५४ वय, आणि मी फिरवते. सांगून ठेवलं कारण इथे सगळे पैलवान जमलेत.

मी सुरुवात अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटल्यांनी केली. आधी अर्ध्या भरलेल्या, मग पूर्ण, मग आतमध्ये वाळू. एक टीप, बाटली पूर्ण भरा नाहीतर आतलं पाणी हिंदकळतं आणि झोका बिघडतो, अर्धी भरायची असेल तर वाळूच बरी, वर कापूस कोंबायचा. झाकणाला चिकटपट्टी लावा, मी लावली नव्हती, सोफ्यावर नवी मुंबईची चौपाटी झाली होती.

सकाळी सहाला नेरूळच्या ज्वेलला (तळ्याकाठची बाग) जाते. चालायच्या ट्रॅकवर करायचं नाही हां, कडेला गवतावर, मागेपुढे दोन हात जागा बघून. पहिल्या दिवशी सगळे बघतात. दुसऱ्या आठवड्यात कोणीतरी काका येऊन म्हणतात आमच्या गावी पण होतं हे, मग अर्धा तास गावच्या गोष्टी. व्यायाम राहतो बाजूला.

फिजिओ_पण_मराठी

थोडं ब्रेक लावते. घामेजलेले दादा, काहीही फिरवायच्या आधी एक बघा. कोपर कमरेला चिकटवून नव्वद अंशात वाकवा आणि पंजा बाहेरच्या बाजूला न्या, दार उघडल्यासारखा. आता घरातल्या कोणाला तरी तो हात अजून थोडा बाहेर न्यायला सांगा, हळू. दुसऱ्याने नेऊनसुद्धा डाव्यापेक्षा बराच अलीकडे अडकत असेल तर फ्रोझन शोल्डरची शक्यता असते. तो साधारण चाळिशी ते साठीत येतो आणि डायबेटिसवाल्यांना जास्त, त्यामुळे शुगर तपासली नसेल तर तपासा. त्याच्या दुखऱ्या काळात मुद्गल फिरवून जोर लावला तर सांधा अजून भडकतो. उलट तुम्हाला स्वतःला हात वर नेता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर जातो, असं असेल तर खांद्याभोवतीच्या स्नायूंचं प्रकरण असू शकतं. ते चार स्नायू असतात, त्यांचं काम हाताचा गोळा खोबणीत नीट धरून ठेवणं. खांद्याची खोबण खुब्यासारखी खोल नाही, बशीइतकी उथळ आहे, म्हणून तर हात इतका फिरतो आणि म्हणूनच इतक्या लवकर बिनसतो.

रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही, बोटांपर्यंत मुंग्या येतात, पडल्यावर सुरू झालंय, किंवा पूर्वी कधी खांदा निखळलाय, यातलं काही असेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. निखळलेल्यांनी तो पाठीमागचा फेरा स्वतःच्या मनाने अजिबात करू नका.

यातलं काही नसेल आणि नुसता लॅपटॉपचा आखडलेपणा असेल तर हलकी मुद्गलं मस्त आहेत. माझे पेशंट रबरबँडचा व्यायाम चार दिवसांत सोडतात, हे सोडत नाहीत कारण यात मजा आहे.

वाशी_सेक्टर_सतरा

माझं थोडं वेगळं मत. जिम आहे, डंबेल आहेत, मशीन आहेत, हे जुनं उकरून काढायची गरज काय? ताकद वाढवायची तर वजन उचला. दीड किलोचं लाकूड फिरवून कोणाची ताकद वाढली?

चरईचा_तालीमवाला

@वाशी, या एकदा तालमीत, दीड किलो देतो हातात, सरळ पुढे धरून दोन मिनिटं उभे राहा.

नळस्टॉपवरून_कोपरीला

त्यात थोडं गणित आहे. डंबेलचं वजन मुठीतच असतं, त्यामुळे मनगटाला पिळायला काही उरत नाही. मुद्गलाचं वजन मुठीपासून लांब असतं. समजा दोन किलोचं आहे आणि वजनाचा मध्य मुठीपासून ४० सेंटिमीटरवर, तर आडवं धरल्यावर मनगटावर जवळपास आठ न्यूटन-मीटरची पिळ येते. म्हणून दुकानात नुसते किलो विचारू नका, लांबी पण विचारा, तेवढ्याच वजनाचं लांब मुद्गल जास्त त्रास देतं.

दुसरं म्हणजे ते झुलतंय. दोरीला दगड बांधून आडव्यातून सोडला तर अगदी तळाशी दोरीवर ताण त्याच्या वजनाच्या तिप्पट येतो. मुद्गल आपण धरून आणतो म्हणून इतका येत नाही, पण जोरात मारलं की येतो, आणि तो ताण खांदा खाली ओढतो. हळू फिरवलं तर तीच ओढ सांधा मोकळा करते, झटक्याने फिरवलं तर नडते. कपाटाला पोचा कसा आला ते यावरून लक्षात यावं.

तरी @वाशी यांचं अर्धं बरोबर आहे. हलक्या जोडीने छाती-मांड्यांची ताकद येणार नाही, त्यासाठी जोर-बैठका किंवा जिम हवीच. तालमीत कोणी नुसतं मुद्गल फिरवत नव्हतंच.

बखरीतला_उंदीर

जुनं उकरणं म्हणाल तर हे जगभर फिरून आलंय. इंग्रज सैनिकांनी आपल्याकडे बघितलं, विलायतेला नेलं, १८३० च्या दशकात लंडनमध्ये यावर पुस्तकं निघाली, बायकांसाठी वेगळे हलके प्रकार निघाले. तिथून अमेरिका. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये चक्क मुद्गल फिरवायची स्पर्धा होती, जिम्नॅस्टिक्समध्ये! १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज रॉथ नावाचा अमेरिकन जिंकला. मंदीचे दिवस, नोकरी नव्हती, सांगतात की सुवर्णपदक घेऊन स्टेडियमबाहेर आला आणि रस्त्यावर गाडीला हात दाखवत घरी गेला. आजही रिदमिक जिम्नॅस्टिक्समधल्या मुली जे क्लब्ज फेकतात ते याचंच नातवंड, जेमतेम दीडशे ग्रॅमचं.

आणि आपण गुगलवर कारल्याची भाजी बघतोय.

घोडबंदरचा_घामेजलेला

बापरे, किती छान माहिती. फिजिओताई, तुमची टेस्ट बायकोकडून करून घेतली (तिने जरा जास्तच उत्साहाने केली), डाव्याइतकाच जातो. शुगर पण करून घेतली, नॉर्मल आहे. आता जोडी कुठून घेऊ? ऑनलाइन बघितली तर एकेकाचं वजन पाच-सहा किलो, आणि हलकी बघितली तर भाव ऐकून खांदा अजून आखडला.

हळदीकुंकू_नेरूळ

कातारी गाठा हो. सुतार नाही, कातारी, लेथवर पाटाचे-पलंगाचे पाय काढतो तो. मी भिवंडीच्या बाजूला एकाकडून करून घेतली. तो आधी म्हणाला बेलणं हवंय का मोठं. कागदावर चित्र काढून दिलं, लांबी माझ्या बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंत थोडी जास्त, मूठ माझ्या हातात बसेल एवढी. मूठ जाड करू नका, बायकांनी तर नाहीच, निसटते. सागवान हलकं पडतं, शिसव-बाभूळ जड, त्यावरून वजन मागेपुढे करता येतं. पॉलिश मारू देऊ नका, आपल्याकडच्या घामाला पॉलिश म्हणजे साबण. नुसतं जवसाचं तेल चोळायचं. पावसाळ्यात मी मुठीला जुन्या सुती साडीची पट्टी गुंडाळते.

आणि मुळात बाल्कनीत करू नका. चौदाव्या मजल्यावरून निसटलं तर खाली कोणाचं तरी डोकं आहे.

चरईचा_तालीमवाला

ताईंशी सहमत. शिकायचं विचारलंत तर जुन्या ठाण्यात, चरई-टेंभीनाक्याच्या बाजूला फिरा, जुन्या व्यायामशाळांत आता मशीन आल्यात पण मारुतीच्या फोटोखाली कोपऱ्यात एखादी जोडी धूळ खात पडलेली असतेच. शनिवारी संध्याकाळी जा, नारळ घेऊन जा. एखादे साठीपुढचे काका असतात, त्यांना विचारा हे काय आहे म्हणून. एवढंच. पुढचं तेच सांगतात, तुम्ही थांबवू शकणार नाही. चपला बाहेर काढा तेवढं लक्षात ठेवा, नाहीतर पहिलं वाक्य तेच ऐकाल.

फिजिओ_पण_मराठी

आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे, दोन्ही बाजूंनी दहा-दहाचे दोन-तीन सेट. करताना ओढ जाणवावी, टोचू नये. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणं राहिलं तर तुम्ही जास्त केलंत. आणि हात मागे जात नाही म्हणून कंबर मागे वाकवून तो फेरा पूर्ण करू नका, सगळे हेच करतात, आरशात बाजूने बघा.

घोडबंदरचा_घामेजलेला

पाच आठवड्यांनी परत आलोय. कातारी सापडला, सागवानाची जोडी, एकेक बाराशे ग्रॅम. शनिवारी नारळ घेऊन एका जुन्या व्यायामशाळेत गेलो, खरंच एक काका भेटले, चपला बाहेर काढल्या होत्या म्हणून वाचलो. त्यांनी माझा पाठीमागचा फेरा बघितला आणि म्हणाले, "माशी हाकलतोयस का?" मग माझं कोपर दोन बोटांनी धरून वर उचललं, फक्त दोन इंच, आणि मुद्गल पाठीमागे जे सुटलं, खांद्यात कुठेतरी कट्ट वाजलं, दुखलं नाही, गंजलेली कडी निघावी तसं. तेव्हा कळलं तालीमवाले दादा कशाला म्हणत होते सगळा माल तिथे आहे.

आता उजव्याचे तीन सेट होतात. लोकलमध्ये ऐरोलीपर्यंत एकाच हाताने येतो. बनियन अजून अडकतो पण कमी. सव्वासहा किलोवाला देव्हाऱ्याशेजारी उभा आहे, त्याच्याकडे बघत नाही सध्या. आणि काल घरी आलो तर बायको माझी जोडी घेऊन हॉलमध्ये उभी, कपाटापासून बरोबर चार पावलं लांब. म्हणाली मला हे जड आहे, सातशे ग्रॅमची करून आण.

वाशी_सेक्टर_सतरा

कातारीचा पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करता का? आईसाठी हवाय.

चरईचा_तालीमवाला

आईसाठी. बरं 😀

घोडबंदरचा_घामेजलेला

व्यनि केलाय. लांबी आईच्याच हाताची घ्या हो.