अंग बाहेर येतंय, पिशवी काढू की रिंगवर भागवू?

शालन, कऱ्हाड तालुका
वय 54. तीन बाळंतपणं, थोरला पावणेचार किलोचा. चार वर्षं झाली, गर्भपिशवी खाली सरकून अंग बाहेर येतंय. सकाळी काही नसतं. संध्याकाळी वैरणीचा भारा उतरवला की लिंबाएवढा गोळा हाताला लागतो, आडवं झालं की आत जातो. लघवी पुरी व्हायला तो बोटानं वर सारावा लागतो. मालकांना एवढंच माहीत आहे की माझी कंबर दुखते.

तालुक्याच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलं, पिशवी काढून टाका. सोनोग्राफी नॉर्मल, पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची पॅप तपासणी नॉर्मल, मग पिशवीत दोष नसताना ती का काढायची? बीडकडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचं ऐकल्यापासून मन धजत नाही. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी अंग आत धरून ठेवणारी सिलिकॉनची रिंग बसवली. तिनं खाली ओढल्यासारखं वाटायचं ते गेलं, पण परवा शौचाला जोर दिला आणि निसटून पडली. जाऊबाईंनी ऑपरेशननंतर विसाव्या दिवसापासून भारे उचलले, दोन वर्षांत पुन्हा खाली आलं. मी पडून राहिले तर दोन म्हशींची धार कोण काढणार? ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी खरं काय ते सांगा.

नाशिकची मावशी
शालनताई, माझं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी खालूनच झालं, पोटावर टाका नाही. भुलीचं इंजेक्शन कमरेत. दोन दिवस लघवीची नळी, तिसऱ्या दिवशी घरी. दुखणं सोसलं, बद्धकोष्ठानं मात्र रडवलं. इसबगोल पहिल्यापासून घ्या. सहा आठवडे भरलेली कळशी उचलायची नाही, जड कामाला तीन महिने. आता दिवसभर उभी राहते, ओढ नाही. पण नंतर खोकलं की लघवी गळायला लागली, आधी नव्हती. अंग आत सारून खोकायला लावलं की डॉक्टरांना हे ऑपरेशनआधीच कळू शकतं. तेवढं आठवणीनं करून घ्या.

फिजिओ, मिरज
ताई, एक रिंग निसटली म्हणून रिंग सोडू नका, माप किंवा आकार बदलून बघतात. तीन ते सहा महिन्यांनी ती काढून धुवायची आणि आत जखम नाही ना हे बघून घ्यायचं. पाळी गेली असेल तर आतून लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमचं विचारा. एवढं उतरलेलं अंग व्यायामानं वर जात नाही, पण ओढ कमी होते. हा कॅन्सर नाही, थांबलात तर बहुतेकदा धोका नसतो. लघवी तुंबली, किडनीला सूज आली किंवा रक्त दिसलं तर मात्र थांबायचं नाही.

पिशवी न काढता वर बांधायच्या शस्त्रक्रियाही आहेत, मुंबईच्या डॉ. शिरोडकर आणि डॉ. पुरंदरे यांच्या नावानं ओळखल्या जातात. योनीमार्गातून अंगाला आधाराची जाळी बसवू म्हणाले तर खोदून विचारा. या कामाच्या जाळ्यांची विक्री अमेरिकेनं 2019 मध्ये थांबवली.

शालन, कऱ्हाड तालुका
दोघींचे उपकार झाले. रात्री मालकांना सगळं सांगितलं. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मग भारा कशाला उचलत होतीस?" आज वैरण त्यांनीच आणली. सोमवारी मोठ्या मापाची रिंग बघायला जाते. चैत्रात दोन्ही म्हशी आटतात, ऑपरेशन करायचं झालं तर तेव्हा. पिशवी ठेवून करणारं कोण आहे ते तोवर मिरजेत विचारून ठेवते.